नवतपा आणि अर्धा फेरा

नवतपा लागला. मला त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. सकाळी सहाला स्वयंपाकघरातल्या नळाखाली हात धरला आणि चटका बसून मागे आला, की समजायचं. रात्रभर टाकीत पडून राहिलेलं पाणीसुद्धा या दिवसांत निवत नाही. रोहिणी नक्षत्राचे हे नऊ दिवस जितके तापतील तितका पाऊस चांगला, असं लोक सांगतात. सांगोत. आमच्या मनीषनगरात या नऊ दिवसांत कुत्री गाड्यांखालून बाहेर निघत नाहीत, दुपारी रस्त्यावर डांबराचा वास येतो आणि जो तो दुसऱ्याला विचारतो, 'आज किती?' आकडा जितका मोठा तितका सांगणाऱ्याचा चेहरा खुलतो, जणू पारा त्यानेच वर चढवला. मला या अभिमानाचा फार राग येतो.

उन्हाळ्याची गोड आठवण सांगा म्हटलं की लोक हमखास वाळ्याच्या वासावर येतात. माझं माहेर सावनेरचं. तिथे बाहेरच्या खोलीच्या दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागत आणि आत माझे वडील आणि दोघे भाऊ दुपारभर गारव्यात झोपत. पडदे ओले राहायचे ते माझ्यामुळे. दर अर्ध्या तासाने बाहेरच्या बाजूने, म्हणजे उन्हाच्या बाजूने, बादलीतलं पाणी तांब्याने पडद्यावर मारायचं काम घरातल्या मुलीचं. तांब्या पितळी, भरला की जड. संध्याकाळी मनगट असं ठणकायचं की पोळी लाटताना लाटणं सुटायचं. भाऊ अजूनही भेटले की डोळे मिटून म्हणतात, काय वास होता गं! असेल. ते आत होते. मला तो वास कुठे आला की आधी मनगट आठवतं.

तेव्हा मोगरा, कोकीळ, आमराई हे माझ्याकडे मागू नये. माझ्या उन्हाळ्याची आठवण जिन्याखाली उभी आहे. पिवळी, दोन चाकांची, जुन्या चादरीने झाकलेली. जोराचं पाणी मारून फरशा आणि गाड्या धुतात ते हे मशीन, प्रेशर वॉशर. तीन वर्षांपूर्वीच्या नवतप्यात ते या घरात आलं. खोक्यातून बाहेर निघालं त्याच दिवसापासून मी त्याच्या वाईटावर होते.

ते आणलं प्रभाकरनी. प्रभाकर माझे यजमान. तोंडावर मी जन्मभर 'अहो'च म्हणत आले, पण कागदावर नाव घ्यायला हरकत नाही. त्यांची सगळी नोकरी बांधकामांवर देखरेख करण्यात गेली. आमच्या घरी कधी प्लंबर आला नाही, वायरमन आला नाही. नळ गळो, पंखा कुरकुरो, हे पेचकस घेऊन उभे. त्या वर्षी जानेवारीत त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. हलका होता असं सगळे म्हणाले; हलका म्हणायला कुणाचं काय जातं? बोलणं परत आलं, पाय परत आला. उजवा हात आला, पण भरवशाचा राहिला नाही. मधेच मूठ सुटायची आणि कप खाली. डॉक्टरांनी निघताना दोन वाक्यं सांगितली होती. हात वापरत राहा, आणि उन्हात अजिबात जाऊ नका. पहिलं वाक्य ह्यांनी पाठ केलं. दुसरं दवाखान्यातच सोडून आले.

गच्ची आदल्या पावसाळ्यात गळली होती. आमच्या पलंगाच्या बरोबर वर छताला पिवळा डाग पडला होता. पावसाआधी गच्चीला वॉटरप्रूफिंगचा कोट मारायचा आणि त्याच्या आधी वर्षानुवर्षांचा काळा थर खरवडून काढायचा, हे गरजेचं होतं, मान्य. पूर्वी हे काम ते उकिडवे बसून तारेच्या ब्रशने करत. आता ते जमणार नव्हतं. माणूस लावू म्हटलं तर चेहरा असा केला की मी विषय सोडला. आणि एक दिवस दारात खोकं.

"घासाले दोन हात लागते," ते म्हणाले, "हे एका हातानं चालते."

हे वाक्य ते माझ्याकडे न बघता बोलले. मी तेव्हा चिडलेली होते, म्हणून ऐकूनही ऐकलं नाही.

आता अडचण पाण्याची. गच्चीवरच्या नळाला धार नव्हती, कारण टाकी त्याच गच्चीवर, जुनी, सिमेंटची, बुटकी, आणि मे महिन्यात तिच्यात पाणी जेमतेम गुडघाभर. नळाची करंगळीएवढी धार त्या मशीनला पुरेना. मशीन टाकीतून स्वतः पाणी ओढून घेतं, असं खोक्यावरच्या चित्रात होतं. चित्रातला गोरा माणूस हसत उभा होता. ह्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून मशीन स्टुलावर ठेवलं. म्हणजे पाणी खाली आणि मशीन वर. टाकीत पाईप सोडला, त्याच्या तोंडाला माझ्या जुन्या सुती साडीचा तुकडा कचरा अडवायला बांधला आणि बटण दाबलं.

सकाळी सातला मशीनने पाणी ओढलं. दहाला ओढेना. नुसतं कोरडं घरघरायचं आणि हातात धरायच्या त्याच्या बंदुकीच्या तोंडातून थुंकी उडावी तसे चार थेंब. दुसऱ्या दिवशीही तेच, सातला व्यवस्थित आणि दहाला रडगाणं. ह्यांनी साडीचा तुकडा काढून पाहिला, जाळी धुतली, पाईपात तांब्याने पाणी भरून पाहिलं. मी खालून ओरडत होते, वरून फक्त घरघर. तेवढ्यात समोरच्या मेश्रामकाकू त्यांच्या बाल्कनीत आल्या. त्यांचं माझं कधी पटलं नाही.

"लोकाइले प्यावाले पाणी येऊन नाही राहिलं, आन् तुमी छत धुऊन राहिले?" त्या म्हणाल्या.

"धुऊन कुठं राहिलो काकू? ते तं ओढूनच नाही राहिलं," मी म्हटलं.

"बरं झालं," असं म्हणून त्या आत गेल्या. त्या एका दिवशी मेश्रामकाकू आणि मी एका बाजूला होतो.

तिसऱ्या दिवशी ह्यांना उमगलं. पाईप आमच्या बागेचाच होता, हिरवा, मऊ. सकाळी तो ताठ असायचा. दहापर्यंत गच्ची तापली की तो इतका नरम पडायचा की मशीनने ओढ लावताच पाण्याऐवजी पाईपच आत बसायचा, चिप्पट व्हायचा. पुण्यामुंबईत हा पाईप दिवसभर चालला असता. ह्यांनी तो चिप्पट पाईप मला बोलावून दाखवला. इतके खूश होते की जसं काही बाळ दाखवतायत. त्याच संध्याकाळी वळ्या-वळ्यांचा जाड, कडक पाईप आला. तो मशीनला जोडून वरून लोखंडी क्लिप बसवली, पेचकसाने तिचा स्क्रू आवळला आणि मला शिकवणी सुरू केली.

"इथं पाह्य. ही क्लिप एवढीशीबी ढिली राहिली ना, तं मशीन पाणी नाही ओढत. हवा ओढते. पाणी जड असते आन् हवा हलकी. कामचोर माणसासारखं, जे सोपं भेटलं ते घेते."

"मले काय करायचं शिकून?" मी म्हटलं. पण शिकले.

चौथ्या दिवशी मशीन न थांबता चाललं. मी खाली स्वयंपाकात होते. नऊ वाजले, दहा, अकरा. वरून आता घरघर नव्हती, जड, भरलेला आवाज होता, पाणी पकडल्याचा. एक वाजता मी कुरड्या गोळा करायला वर गेले. माझं सगळं वाळवण गच्चीच्या एका कोपऱ्यात ढकललेलं होतं आणि त्यावर काळे शिंतोडे उडाले होते. आणि प्रभाकर भर उन्हात उभे. डोक्यावरचा पंचा घसरून खांद्यावर. चेहरा लालबुंद, पण घामाचा थेंब नाही. बंदूक डाव्या हातात, उजवा तिच्यावर नुसता टेकवलेला. समोर जिथे पाणी मारलं होतं तिथे गच्ची दुधासारखी पांढरी निघाली होती. मला पाहून ते हसले, ओठाच्या ज्या बाजूला अजून हसता येत होतं त्या बाजूने. जानेवारीनंतर मी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं आणि मी मशीनचं बटण बंद केलं.

खाली आणून बसवलं. पाणी मागायचं होतं, पण तो शब्द त्यांना सापडेना. दोनदा भलतंच काहीतरी म्हणाले. पाच मिनिटांनी सगळं ठीक झालं. त्या पाच मिनिटांत मी खुर्चीला धरून उभी होते आणि मला सूर्याचा, मशीनचा, त्या पांढऱ्या गच्चीचा, सगळ्यांचा असा संताप आला होता की रडूही येईना. मग भांडण झालं. दणकून झालं.

"उद्या वर जायचं नाही. सांगून ठेवते."

"जाईन. मी मेलो तं छत तरी धुतलेलं राहीन."

 

पाचव्या दिवशी पहाटे ते फिरायला गेले आणि मी कुरड्यांचं ताट घेऊन वर गेले. रोजच जायची. फक्त त्या दिवशी ताटाखाली पेचकस होता. क्लिपच्या स्क्रूला मी अर्धा फेरा दिला, उलटा. फक्त अर्धा. पाईप जागेवरच राहिला, बघणाऱ्याला काही कळलं नसतं. मग कुरड्या पसरल्या आणि खाली येऊन चहा टाकला. वाईट वाटलं का? मुळीच नाही. गार वाटलं. जन्मभर उन्हाळ्याने मला नाचवलं होतं, आज पहिल्यांदा मी त्याचा डाव मोडला होता.

मशीन घरघरलं. ह्यांनी शोधून काढलंच, क्लिप ढिली. आवळली. मशीन चाललं. आठला ते औषधाच्या गोळ्या घ्यायला खाली आले तेव्हा मी 'पापड पालटून येते' म्हणून वर. पुन्हा अर्धा फेरा. ते वर गेले, पुन्हा घरघर, पुन्हा शोधाशोध. तोवर ऊन इतकं चढलं की त्यांनीच नाद सोडला. सहाव्या दिवशी तेच, सातव्या दिवशी तेच. दुपारी ते घरात, कूलरसमोर, माझ्या नजरेसमोर. मी जेवायला आमरस केला. ते गप्प जेवत होते. उजव्या हाताची मूठ मिटायचे, उघडायचे, बघायचे. मी ते पाहिलं आणि आणखी थोडा रस वाढला.

आठव्या दिवशी सकाळी ते गच्चीतून खाली आले. पेचकस माझ्यापुढे धरला, मूठ माझ्याकडे करून.

"तू आवळून दे वं. मी आवळतो तं राहूनच नाही राहिली. मशीनच्या धडधडीनं सुटून जाते. माह्या हातात जोरच नाही राहिला."

इथे मी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण सांगितलं असतं तर ते दुपारी बारापर्यंत उन्हात उभे राहिले असते, आणि तो न सापडलेला शब्द माझ्या डोक्यातून गेला नव्हता. मी वर गेले आणि क्लिप आवळली. मशीनने लगेच पाणी पकडलं. त्यांनी मान हलवली, 'पाहा' अशी. मी अट घातली, आठ वाजले की खाली. ते 'हो' म्हणाले. वाद न घालता. लग्नाला इतकी वर्षं झाली, वाद न घालता 'हो' मी पहिल्यांदा ऐकत होते आणि मूर्खासारखी मी त्याला विजय समजले.

गच्ची धुऊन झाली, कोट आम्ही दोघांनी मिळून मारला, त्या पावसाळ्यात थेंब गळला नाही. सगळे म्हणाले, छान झालं.

मग हळूहळू घरातल्या वस्तू माझ्यापुढे येऊ लागल्या. आधी पाण्याची बाटली. 'एवढं उघडून दे.' मग औषधाची डबी, मग घड्याळाचा पट्टा, मग पेनाचं टोपण. सिलिंडर बदलायचं असलं की ते बाजूला उभे राहून मला सांगत, इकडून फिरव. नळ गळला तर 'प्लंबरले फोन लाव.' आमच्या घरात प्लंबर आला आणि ते वर्तमानपत्र वाचत बसले. तो दिवस मला उन्हाळ्याच्या कुठल्याही दिवसापेक्षा वाईट गेला. मुठीत दाबायचा लाल रबरी चेंडू दिवाणाखाली गेला, मी झाडताना काढायची, तो परत जायचा. ते आधी प्रयत्न करत आणि मग देत, असं नव्हतं. प्रयत्नच करत नव्हते. त्यांच्या हाताचा निकाल लागला होता आणि तो निकाल मी लिहिला होता, पेचकसाने.

यंदा होळीनंतर व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताईंनी त्यांची बोटं एकेक उघडून पाहिली आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "काकू, बोटं आत वळून राहिले. काका हात वापरूनच नाही राहिले. आहे तेवढंबी जाईन मग." मी मान हलवली. चपला घालून त्या गेल्या, मी दारातच उभी.

दोन महिने मी काही केलं नाही. हेही लिहून ठेवते.

आणि नवतपा लागला. कोट तीन वर्षं टिकतो असं डब्यावर लिहिलेलं होतं, म्हणजे यंदा पुन्हा धुवायचं. परवा सकाळी ह्यांनी जिन्याखालची चादर काढली, मशीन दोघांनी मिळून वर नेलं. पाईप टाकीत सोडला. आणि त्यांनी पेचकस माझ्यापुढे धरला, मूठ माझ्याकडे. पाईपाकडे बघितलंसुद्धा नाही.

"घे, तूच आवळ. टाईम वाचन."

मी हात मागे घेतला.

"तुमच्या हातानं घट्ट बसत होती," मी म्हटलं.

"काय?"

"क्लिप. तवा. घट्टच बसत होती. मीच ढिली करत होती. कुरड्या घालाले येत होती ना, तवा."

 ऊन त्यांच्या चपलेपर्यंत आलं होतं.

"काहून?"

"तुमी मरून गेले असते."

"मंग भांडायचं होतं ना माह्यासंग!"

"भांडली होती. तुमी ऐकलं?"

"तीन वर्षं," ते म्हणाले. आवाज चढू लागला. "तीन वर्षं मी तुह्यापाशी पाण्याची बाटली उघडून मागतली! पेनाचं टोपण मागतलं! आन् तू देत गेली? हसून देत गेली?" हसले मी कधीच नव्हते, पण ती दुरुस्ती करायची वेळ नव्हती. ते इतके ओरडले की मेश्रामकाकू बाल्कनीत आल्या, आणि या वेळी काही न बोलता आत गेल्या. तीन वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. मला फार लागलं. आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं.

मी खाली आले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले. वरून बराच वेळ काही आवाज नाही. मग पेचकस फरशीवर पडल्याचा आवाज. शिवी. पुन्हा शांत. पुन्हा पडला. माझा हात कठड्यावर होता, वर जायला पाय उचलला आणि परत ठेवला. मग मशीन सुरू झालं, कोरडं घरघरलं, घरघरत राहिलं, आणि एकदम आवाज जड झाला. पाणी पकडलं. मी पायरीवरच बसले. आठ वाजले, मी हाक मारली नाही. पावणेनऊला ते आपणहून खाली आले, डोक्यावर पंचा ओला करून बांधलेला, माझ्याकडे न बघता आत गेले.

तेव्हापासून अबोला आहे. पूर्ण. ताट वाढते, जेवतात. आज सकाळी ते परत वर जाऊन आले, पेचकस एकदाच पडला. मी मोजत नव्हते, ऐकू आलं.

मागच्या आठवड्यात घातलेलं कैरीचं लोणचं काचेच्या बरणीत आहे, फिरकीच्या झाकणाची. परवा दुपारी जेवताना त्यांनी बरणी स्वतः ओढली, फोड घेतली आणि झाकण लावलं. दोन्ही हातांनी, ओठ दाबून, बराच वेळ. मग बरणी माझ्या ताटाशी सरकवली. मी फिरवलं, फिरेना. फडक्याने धरून फिरवलं. रात्री नळाखाली धरली, आमचं पाणी तर गरमच असतं. झाकण हललं नाही. ते समोर बसून वरणभात कालवत होते, उजव्या हाताने.

काल आणि आज आम्ही दोघांनी लोणच्याशिवाय जेवण केलं. बरणी टेबलावर आमच्या दोघांच्या मधोमध आहे. मी उघडून मागावं म्हणून ते वाट बघतायत, हे मला कळतं. मी काही उघडून मागणार नाही. त्यांना वाटलं तर त्यांनी झाकण आणखी अर्धा फेरा आवळावं.